उभ्या रेघांचे टायर

माझ्या नवऱ्याला बोलताना ऐकायचं असेल तर त्याचा फोन वाजावा लागतो, आणि तो भामरागडकडून आलेला असावा लागतो. एरवी तो तीन शब्दांचा माणूस आहे. हो, नाई आणि पाहू. एवढ्या सामानावर त्याने माझ्याशी आख्खा संसार केला. मुलीला स्थळ आलं तेव्हा तो ‘पाहू’ म्हणाला, ठरलं तेव्हा ‘हो’ म्हणाला, आणि ती सासरी गेल्यावर वाईट वाटतंय का असं मी विचारलं, तर ‘नाई’ म्हणून अंगणात जाऊन उभा राहिला. बायका मला म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई, नवरा उलटून बोलत नाही. उलटून काय, तो सुलटूनही बोलत नव्हता.

पण तो फोन वाजला की चपला न घालता अंगणात धाव. आणि पेरूच्या झाडाखाली उभा राहून माडिया भाषेत असा काही सुटायचा, की शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारायची, गुरुजींना बरं आहे ना. हातवारे, प्रश्न, मध्येच गाण्याची एखादी ओळ, आणि मग हसणं. तसं हसणं आमच्या घराच्या छताखाली मी कधी ऐकलं नाही. पलीकडून आवाज यायचा तो बाईचा, खणखणीत, पेरूच्या झाडापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचणारा. कोण होतं विचारलं की उत्तर यायचं, ‘तिकडले.’ तिकडले म्हणजे कोण? ‘शाळेकडले.’ झालं, विषय संपला.

लग्नाआधी तो भामरागडच्या पलीकडे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत मास्तर होता. मास्तरांना राहायला जागा नव्हती म्हणून गावातल्याच एका माडिया कुटुंबात राहायचा. मग बदली होऊन चामोर्शीला आला, मग आमचं लग्न झालं, मग चंद्रपूर. मला इतकंच ठाऊक होतं. मी जिल्हा परिषदेत कारकून होते, लोकांच्या बदल्यांचे कागद हाताळण्यात माझी नोकरी गेली. बदली झाली म्हणजे माणूस तिकडून पूर्ण निघून आला असं नसतं, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं होतं. काहींचा जीव जुन्या गावातच राहतो आणि नव्या गावी नुसता पगार येतो.

मी जळत होते, स्पष्टच सांगते. चाळिशीत जळत होते, पन्नाशीत जळत होते, आणि निवृत्त झाल्यावर तर जळायला भरपूर वेळ मिळाला. मला त्या बाईचं तोंडही ठाऊक नव्हतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मग ते नाव माझ्या घरात राहायला आलं असतं.

चालत्या घराची कल्पना माझी. आमच्यात बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी हे एकदा तरी पाहावं असं प्रत्येकाच्या मनात असतं. बसच्या यात्रेत गुडघे आखडतात, धर्मशाळेतल्या पायखान्यांचं तर विचारूच नका. म्हणून आम्ही शाळेची एक जुनी मिनीबस घेतली, बाकं काढून टाकली आणि पडोलीच्या एका बॉडीवाल्याकडून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, शेगडी असं सगळं बसवून घेतलं. पडदे मी शिवले. वरवर कारण यात्रेचं होतं, पण माझा आतला डाव वेगळा होता. चालत्या घराला अंगण नसतं. माणूस पळून जाणार कुठे? महिनाभर तोंडासमोर तोंड, एक पलंग, एक शेगडी. मला या माणसाकडून बोलणं हवं होतं. त्या बाईला फोनवर फुकट मिळत होतं ते मला माझ्या हक्काचं हवं होतं, आणि या वयात ते मिळालं नाही तर पुढे मिळणार नव्हतं.

गाडीचं काम रेंगाळत गेलं आणि ती बॉडीवाल्याच्या अंगणात उन्हात एका जागी उभी राहिली. सगळं झाल्यावर टायरांकडे लक्ष गेलं. वरून ते नव्यासारखे दिसत होते, खाचा जशाच्या तशा, पण बाजूला बारीक भेगा पडलेल्या, थंडीत टाचांना पडतात तशा. टायर कोणत्या साली झाला ते त्याच्या बाजूवर कोरलेलं असतं. बॉडीवाल्याने ते वाचून दाखवलं, तर आमचे टायर आमच्या नातवाहून मोठे निघाले. उभ्या गाडीचे टायर बसल्या जागी म्हातारे होतात, असं तो म्हणाला. मला ते लगेच पटलं. सगळेच बदलायचे ठरले, पुढचे दोन आणि मागच्या जोडचाकांचे चार.

पडोलीच्या चौकाकडे कोळशाच्या ट्रकांची सतत ये-जा, त्यामुळे टायरांची दुकानं ओळीने. आम्ही त्यातल्या एकात शिरलो. आत काळी धूळ, रबराचा वास, आणि दुकानदाराच्या गालात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा तोबरा. तो तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारून त्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडी कुठे चालणार हा. मग दोन प्रकारचे टायर पुढ्यात आणून टेकवले. एकावर नांगराच्या तासांसारख्या उभ्या सरळ रेघा. हा डांबरी रस्त्याचा, सरळ धावतो, आवाज करत नाही. दुसऱ्यावर आडव्या, रुंद, बोट जाईल इतक्या खोल खाचा. हा चिखलामातीचा, खडकाळ वाटेचा. खाणीवरचे लोक हाच नेतात, असं तो म्हणाला.

मी म्हणणार होते की आम्हाला बोधगयेला जायचं आहे. त्याआधी माझा नवरा पुढे झाला आणि त्याने खोल खाचांच्या टायरवर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, अंगठा खाचेत घालून दाबून पाहिला, बाजारात बायका वांगं दाबतात तसा.

चंद्रपूरहून बोधगयेपर्यंत डांबर. सारनाथपर्यंत डांबर. लुंबिनीपर्यंत सुद्धा. मग या माणसाला चिखल दिसतोय कुठे? एकाच दिशेला चिखल आहे, आणि तो मला पेरूच्या झाडाखालून इतकी वर्षं ऐकू येत होता. म्हणजे गाडी माझ्या कल्पनेची, पडदे माझ्या हातचे, आणि टायर तिच्या गावचे.

"काऊन?" मी विचारलं. "बोधगयेले काय धानाच्या बांधीतून जायचं आहे?"

"रस्त्याचा भरोसा नाई," तो म्हणाला.

दुकानदाराला काही ठाऊक नव्हतं, त्याला माल खपवायचा होता. त्याने मधला रस्ता काढला. पुढे रेघांचे टाका, मागे खाचांचे टाका, सगळे ट्रकवाले हेच करतात. पुढची चाकं वळतात, मागची ढकलतात. गाडी फसली तर मागचीच बाहेर काढतात. सल्ला शहाणपणाचा होता, मला त्या क्षणीही कळत होतं. पण मागची चाकं बाहेर काढतात हे ऐकलं आणि तिथेच माझं ठरलं. मला गाडी बाहेर निघायलाच नको होती, कारण मला ती आतच जायला नको होती.

मग मी सुरू झाले. खाचांचे टायर डांबरावर गुणगुणतात, दिवसभर कानाशी भुंगा ठेवल्यासारखं होईल. बरोबर की नाही? दुकानदार म्हणाला, बरोबर. तापलेल्या रस्त्यावर ते लवकर झिजतात. बरोबर. डिझेल जास्त खातात. तेही बरोबर. आमची गाडी घराच्या सामानाने जड, उभी जास्त राहणार, धावणार ती मोठ्या रस्त्यांनी. मग चिखलाचं लफडं गळ्यात कशाला? मी एक अक्षर खोटं बोलले नाही. कचेरीत वर्षानुवर्षं हेच केलं, खरी खरी कारणं ओळीने लावून हवा तो शेरा मिळवायचा. बोलताना मी चष्मा काढला, घातला, बोट नाचवलं, आणि टायरांच्या ढिगाभोवती एक फेरीही मारली.

नवरा सगळं ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाचेतला अंगठा काढून घेतला आणि ‘बरं’ म्हणाला. हा त्याचा चौथा शब्द, हरल्यावर वापरायचा. सहाच्या सहा टायर उभ्या रेघांचे बसले. जॅक लागले, नट आवळले गेले, हवा भरली गेली, आणि तो प्रत्येक चाकाशी वाकून हवेची झाकणं घट्ट आहेत का बघत फिरला. मी खुर्चीवर बसून चहा घेतला. तो चहा मला फार गोड लागला.

आठवडाही गेला नसेल, जेवताना तो म्हणाला, लांब जायच्या आधी गाडीची एक ट्रायल मारू. मी म्हटलं, मारा. कुठे?

"भामरागड."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, टायर त्या रस्त्याचे नाहीत. तो म्हणाला, "डांबर आहे." आणि भाताचा घास घेतला. माझंच हत्यार माझ्याच गळ्याशी. डांबरासाठी म्हणून मी हट्टाने टायर घेतले, आता डांबर आहे तिथे जायला नाही कशी म्हणू? शिवाय खरं सांगायचं तर मलाही ती बाई एकदा डोळ्यांनी पाहायचीच होती. दुखऱ्या दाताकडे जीभ जातेच. बोधगयेला काय नेसायचं याचा मी अजून विचारही केला नव्हता, पण भामरागडसाठी कपाटातून तीन साड्या काढल्या आणि त्यातली मोरपंखी निवडली.

धान कापून झालं होतं, थंडी पडली होती. गोंडपिपरी, आष्टी करत आम्ही निघालो. गाडी गुळगुळीत चालली होती. किती शांत चालते, असं मी आष्टीच्या आधी एकदा म्हटलं आणि नंतर एकदा. दोन्ही वेळा तो ‘हो’ म्हणाला. आलापल्लीला मुक्काम केला. पलंगावर आम्ही दोघं, हातभर अंतरावर शेगडी, आणि अंगण नाही. मी वाट पाहिली. तो झोपून गेला. सकाळी उठलो तर पाऊस पडून गेलेला आणि अजून भुरभुर चाललेली, भर पौषात. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग खाली उतरून टायरांकडे पाहिलं, आणि काही न बोलता गाडी सुरू केली. तो काही बोलला असता तर मला बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

भामरागडला पोलीस चौकीवर नावं लिहून घेतली. पलंग-शेगडी घेऊन जंगलात निघालेलं म्हातारं जोडपं पाहून त्या पोरांना मौज वाटली. पुढे डांबर संपलं. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ओले साग, आणि त्याच्या जुन्या शाळेच्या गावाच्या अलीकडे एक नाला. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, मधोमध खचलेला. पुढची चाकं पार झाली. मागची बसली.

त्याने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. चाकं जागच्या जागी गरगर फिरली. मी उतरून पाहिलं. उभ्या रेघांमध्ये चिखल गच्च बसला होता आणि टायर केळीच्या सालासारखे झाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला वाटलं, आता तरी म्हणेल, मी सांगत होतो. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नाल्यापलीकडे एक लांबलचक हाळी दिली. असा आवाज या माणसाच्या गळ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. पलीकडून तशीच हाळी परत आली. मी आवाज ओळखला.

सगळ्यांत आधी तीच आली. माझ्याहून थोडी मोठी असेल, उंच, काटक. कपाळावर आणि हातांवर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं आणि त्यावर कुणातरी पुरुषाचा लोकरी स्वेटर. पोटरीभर चिखलातून ती सरळ चालत आली, माझ्या मोरपंखी साडीच्या बाजूने पुढे गेली आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला. आणि तो सुटला.

मी तिथे उभी राहून पाहत होते. तो बोलतो तेव्हा त्याच्या भुवया वर जातात, हे मला नवीन होतं. तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता दुसरा विचारतो. तो दुसऱ्याचं बोलणं तोडतो! माझ्या घरात या माणसाने कधी कुणाचं वाक्य तोडलं नाही, कारण त्याचं स्वतःचं वाक्यच नसायचं. मला इतकी वर्षं वाटत होतं, याच्या आत विहीर कोरडी आहे, बिचाऱ्याचा स्वभाव. विहीर तुडुंब होती. पाणी दुसऱ्या गावाला जात होतं.

तोवर गाव जमलं. फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, दगड आणले, सगळ्यांनी खांदा लावला. चाकं फिरली आणि चिखलाचा फवारा माझ्या साडीवर आला. गाडी आणखी वीतभर खाली गेली. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की नाला वाळेपर्यंत थांबायचं, ऊन पडलं की दोन-तीन दिवसांत निघेल. ज्या गावाला गाडी पोचू नये म्हणून मी टायर निवडले, त्याच गावाच्या वेशीवर मी पडदे लावून घर थाटून बसले.

रोज सकाळी ती यायची. अॅल्युमिनियमच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, जावा, म्हणजे पातळ पेज, घेऊन यायची आणि तो गंज माझ्याच ओट्यावर ठेवून माझ्याच पलंगावर पाय वर घेऊन बसायची. नळ सोडून पाहायची, पंखा लावून पाहायची. पहिल्या दिवशी तिने खाली वाकून टायरवरच्या सरळ रेघांवरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाली, तर भोवतीची सगळी माणसं हसली. मी नवऱ्याला विचारलं, काय म्हणाली. तो म्हणाला, "काई नाई." मला सांगितलं ते तिच्या सुनेने. ही सून अंगणवाडीत काम करते, तिला मराठी येतं.

"बाई म्हणते का तुमची गाडी चिखलात चपला घालून आली."

सून होती म्हणून मी त्या गावात मुकी झाले नाही. पण ती अंगणवाडीत गेली की मी मुकीच. नवऱ्याला विचारलं तर तिच्या दहा वाक्यांचं तो मला एका शब्दात भाषांतर करून द्यायचा. भाषांतरातही माझ्या वाट्याला चिल्लर!

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली, माझं तोंड नीट न्याहाळलं आणि एक प्रश्न विचारला. सुनेने सांगितलं, "बाई विचारून राह्यली, तुमचे देव किती?"

मला आधी वाटलं, देवावर किती विश्वास असं काही विचारतेय. मी म्हटलं, एकही नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले देव वैनगंगेत सोडले. सुनेने ते सांगितल्यावर बायकांमध्ये कुजबूज झाली. सुनेच्या सासूने, त्या म्हातारीने, मान हलवली आणि माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलली. मग सुनेच्या सांगण्यातून मला उलगडा झाला. त्यांच्यात प्रत्येक घराण्याचे देव ठरलेले, कुणाचे चार, कुणाचे पाच, कुणाचे सहा, कुणाचे सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. गावात कोण कुणाचा कोण, कुणाशी थट्टा करायची आणि कुणासमोर मान खाली घालायची, हे सगळं त्या आकड्यावर. माझा नवरा मास्तर म्हणून आला तेव्हा त्यालाही हेच विचारलं होतं आणि त्यानेही माझंच उत्तर दिलं होतं. देवच नसलेल्या जवान पोराला गावात ठेवायचं कुठे, कुणाच्या घरात? म्हणून म्हातारीच्या बापाने त्याला आपले सहा देव दिले. त्या दिवसापासून हा त्या घरचा मुलगा आणि ही त्याची बहीण.

"अन् तुमचे एकपण नाई, मंग काई अडचण नाई," सून म्हणाली. "तुम्ही कुणाची पण बायको होऊ शकता."

बायका हसल्या, म्हातारीही हसली. बहीण निघाली म्हणून माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. उलट आणखी खवळले. सवत असती तर भांडता आलं असतं, सवतीशी भांडायची रीत सगळ्यांना ठाऊक असते, माझ्या बाजूने चार माणसं उभी राहिली असती. नणंदेशी काय भांडणार? आणि काय म्हणून? की तुझा भाऊ तुझ्याशी बोलतो? मला तिच्याजवळ असलेली एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने चोरलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. नाल्यातला गाळ वरून सुकायला लागला, उद्या निघेल म्हणाले. दुपारच्या जेवणाआधी गाडीच्या सावलीत पंधरावीस माणसं बसली होती आणि माझा नवरा एका ओंडक्यावर बसून काहीतरी सांगत होता. मी आत भांडी घासत होते. हसण्याचा असा लोंढा आला की मी पडदा सारून पाहिलं.

तो उभा होता. कमरेवर एक हात. दुसऱ्या हाताने नसलेला चष्मा काढत होता, घालत होता. मग बोट नाचवलं. मग हनुवटी पुढे काढून ओंडक्याभोवती एक फेरी मारली, पावलं आपटत. ती मी होते. पडोलीच्या दुकानातली, टायरांच्या ढिगाभोवती फिरणारी मी, हुबेहूब, माझ्या डाव्या पायाच्या लंगड्या टेक्यासकट. मला पाहताच सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि पुन्हा हसू फुटलं.

सून म्हणाली, "तुमचंच सांगून राह्यले, बाई. टायरच्या दुकानातलं." पुढचं तिला हसण्यामुळे सांगता येईना.

म्हणजे याला सगळं कळलं होतं. मी गुणगुणणारे टायर म्हणाले तेव्हा, डिझेल म्हणाले तेव्हा, मी कुठला चिखल टाळतेय आणि का, हे त्या दुकानात उभ्या उभ्या त्याला कळलं होतं. कळून तो ‘बरं’ म्हणाला होता आणि ते सगळं जपून, एकही हावभाव न सांडता, इथवर घेऊन आला होता. माझी गोष्ट. आणि ती सांगितली कुणाला, तर हिला. मी हातातलं ताट तसंच घेऊन खाली उतरले.

"मले सांगा," मी म्हटलं. "यांले जे सांगून राह्यले ते मले सांगा. मराठीत सांगा."

त्याने कमरेवरचा हात काढला. भुवया खाली आल्या.

"ते… तू दुकानात गेली," तो म्हणाला. "टायर पाह्यले."

"मंग?"

"मंग घेतले." तो थांबला. तळहात एकमेकांवर घासले. ओठ हलले, पुन्हा मिटले. मी वाट पाहिली, गावानेही पाहिली. शेवटी तो म्हणाला, "मराठीत नाई येत ते मले."

या माणसाचं काही लपवतानाचं तोंड मला पाठ आहे. हे ते नव्हतं. तो आत जाऊन खरोखर शोधून आला होता आणि हात रिकामे घेऊन परत आला होता. मी इतकी वर्षं समजत होते की हा माझ्यापासून बोलणं राखून ठेवतो. मराठीत त्याच्याजवळ राखायला काही नव्हतंच. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ताट हातातून खाली ठेवलं.

म्हातारीने सुनेला काहीतरी म्हटलं आणि स्वतः थोडी सरकून शेजारची जमीन हाताने थोपटली. तिच्या शेजारी बसायची मला अजिबात इच्छा नव्हती. बसले.

"मंग तुमच्या त्याच भाषेत सांगा," मी नवऱ्याला म्हटलं. "पहिल्यापासून. पण माझ्याकडे पाहून सांगा."

तो आधी लाजला. मग सुरू झाला, हळूहळू, आणि मग नेहमीसारखा सुटला. भुवया वर गेल्या. दुकानदाराचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. अंगठा खाचेत शिरला. तो माझ्याकडे पाहून बोलत होता, सरळ माझ्या डोळ्यांत, आणि इतकं लांब तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मला कळले ते शब्द तीनच, टायर, डिझेल आणि बोधगया. गोष्ट कुठे वळणार हे म्हातारीला आधीच कळायचं, तिचं हसू त्याच्या वाक्याच्या पुढे धावायचं. तिच्या मागून बाकीचे हसायचे. मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होते, आता हसायचं का, आता का. माझ्याच गोष्टीवर मी सगळ्यांत शेवटी हसले, तेही तिने कोपराने ढोसलं तेव्हा.